चिमूटभर नीळ

वेसावे, अंधेरी पश्चिम
ता. १२ जुलै १९७०, रविवार

चि. महादूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी पोचलं. चंपा आणि मुलं बरी आहेत हे वाचून बरं वाटलं. नाहूरला तुमच्या चाळीत पाणी भरलं नाही ना, ते कळव. इथे आम्ही दोघं ठीक आहोत. सगुणेची कंबर पावसात धरते तशी धरली आहे. जिभेला मात्र काही झालेलं नाही.

तुमच्या सफेद्याबद्दलची माझी तक्रार तू कारखान्याच्या साहेबांच्या हातात दिलीस हे चांगलं केलंस. ते विचारतात, तक्रार करणारा हा माणूस कोण, त्याचा रंगाचा अनुभव काय. त्यांना सांग, सर्टिफिकेट माझ्याकडे नाही. चौथीत शाळा सुटली हे तुला ठाऊकच आहे. पण माझ्या हातांनी काय काय झालं ते लिहितो, वाचून दाखव.

वेसाव्याच्या वाळूवर आज ज्या होड्या ओढून ठेवल्या आहेत त्यांतल्या निम्म्याहून जास्त होड्यांवरची नावं माझ्या हाताची. होडीची फळी गोल वळते, म्हणून प्रत्येक अक्षर थोडं वाकडं काढावं लागतं, तेव्हा ते लांबून सरळ दिसतं. ते किती वाकडं काढायचं हे मला कुणी शिकवलं नाही. सात बंगल्याच्या पिठाच्या गिरणीची पाटी माझी. जोगेश्वरीच्या दवाखान्याची पाटी माझी, जिच्यावर डॉक्टरांच्या पदव्या चार वेळा वाढल्या आणि चारही वेळा मी कुठून तरी जागा काढली. होडीच्या काठाला अडकवायची आकड्यांची शिडी मी केली, ती बघून दोघातिघांनी तशीच करून घेतली आणि नाव स्वतःचं सांगितलं. बारीक रेघेचे ब्रश मी स्वतः बांधतो. रंग ढवळायच्या पट्ट्या फणसाच्या लाकडाच्या, मीच तासलेल्या. आणि स्टेशनाबाहेरच्या गोदामाच्या भिंतीवर तुमच्याच कंपनीचा जो पुरुषभर उंचीचा बगळा उभा आहे, तोही माझाच. डब्यावरच्या बगळ्याची मान चुकीची आहे. भिंतीवरच्याची बरोबर आहे. साहेबांना हेही सांग.

मी पहिला डबा घेतला तेव्हा तू शाळेत होतास. तेव्हापासून बगळा छाप सफेद्याशिवाय दुसरा पांढरा मी हातात धरलेला नाही. इतर कंपन्यांचे एजंट येतात, कॅलेंडर देतात. कॅलेंडर घेतो, रंग घेत नाही. बगळ्याचं झाकण उघडलं की वर तेलाची साय असते, ती बाजूला केली की खाली कवडीदह्यासारखा रंग. पावसाळे काढतो, पापुद्रा धरत नाही. तू त्या कारखान्यात लागलास आणि पुढे डबे पास करायच्या टेबलावर उभा राहिलास, तेव्हा मी अख्ख्या आळीला पेढे वाटले होते. बगळ्याच्या घरात माझा भाऊ, असं म्हणत फिरत होतो.

म्हणूनच जास्त लागतं रे. शिमग्यापासून येणारा तुमचा सफेदा पांढरा नाही. दुधात हळदीचं बोट बुडवल्यासारखा आहे. एक डबा नाही, पाच डबे बघितले.

आता एक गोष्ट सांगतो जी पेंटर लोक सांगत नाहीत. पांढऱ्याला आणखी पांढरा करायचा तर त्यात कपड्याची नीळ टाकतात. चिमूटभर. जास्त नाही. धुवट कपड्याला येते तशी झाक येते आणि डोळा फसतो. मीही टाकतो. पूर्वी डब्याला एक चिमूट पुरायची. मागच्या वर्षी दोन-तीन लागायला लागल्या. आता मूठभर टाकतो तेव्हा कुठे तो बगळ्याच्या पिसासारखा दिसतो. मूठभर नीळ लागते तो सफेदा कसला? साहेबांना विचार.

हे मी उगाच ताणत नाही. सरूबाईच्या रामनाथची नवी होडी माझ्याकडे रंगायला आहे, नारळी पौर्णिमेला पाण्यात जायची आहे. तिच्या घराची रीत तुला सांगितली नसेल. त्यांच्या होडीला काठाखाली हातभर रुंद पांढरा पट्टा असतो. घरातलं माणूस गेलं तर त्या वर्षी पट्टा निळा करतात आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा पांढरा. समुद्रात लांबून बघणाऱ्याला कळावं की या घरात दुःख आहे, चेष्टामस्करी करू नये. सरूबाईचा नवरा वादळात गेला तेव्हा निळा पट्टा मीच ओढला होता, आणि वर्षाने पांढराही मीच. त्या बाईने तेव्हा पट्ट्यावरून हात फिरवला होता. अशा घरच्या होडीवर मी पिवळट पट्टा ओढू?

ते डबे तुझ्याच टेबलावरून पास होऊन आले असतील हे मला कळतं. पण भाऊ आहे म्हणून पिवळ्याला पांढरा म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस.

रेशनचा तांदूळही हल्ली पिवळा येतो. सगुणा म्हणते, "पांढरोफेक आसा." तिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

मुलांना गोड पापा.

तुझा दादा,
सहदेव


वेसावे
ता. २ ऑगस्ट १९७०

चि. महादूस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

यंदा कंपनीने रंगात घालायचं अळशीचं तेल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे साहेबांच्या मनात आधीच शंका होती, आणि माझं पत्र वाचून ते म्हणाले, "बाहेरच्या माणसाला दिसतं ते आपल्या माणसांना दिसत नाही!" बरोबर बोलले. मग त्यांनी तुला टेबलावरून काढलं आणि झाकणं ठोकायला बसवलं. हे वाचून मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. सगुणा तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण मी तुझं नाव घेतलं नव्हतं. मी रंगाबद्दल लिहिलं होतं.

तू लिहितोस, "मी आणि आणखी दोघांनी तोच डबा दारात नेऊन उन्हात बघितला, पांढराच आहे." ठीक. तुम्ही तिघं एका कंपनीचा पगार घेता.

पण पुढचं वाक्य तू लिहायला नको होतंस. "दादा, एकदा डोळे दाखवून घे."

माझे डोळे? महादू, चाळिशीनंतर मला चष्मा लागला होता तो आठवतो ना? वर्ष झालं, तो ट्रंकेत पडला आहे. बावन्नाव्या वर्षी मी चष्म्याशिवाय पेपर वाचतो, सुईत दोरा ओवून देतो सगुणेला. आळीतली माझ्या बरोबरीची माणसं हात लांब करून पोस्टकार्ड वाचतात. डोळे त्यांना दाखवायला सांग.

उन्हात थोडं झगझगतं, एवढंच. देवळाच्या कळसावरचा बल्ब मला दोन दिसतो, ती त्या काचेची खोड आहे, स्वस्तातला आणून लावला आहे.

रामनाथच्या होडीचं काम होत आलं. पाऊस थांबत नाही म्हणून होडी शाकारलेल्या खोपीत आहे, भोवती ताडपत्र्या, आत कंदील. काल रामनाथ येऊन बघून गेला. "झकास, मास्तर," म्हणाला. पट्ट्याला दोन हात दिले आहेत. नीळ किती गेली ते लिहीत नाही, तुला पुन्हा वाईट वाटेल. पण आता पट्टा असा आहे की बगळा शेजारी उभा केला तर बगळ्याला लाज वाटेल.

साहेबांशी माझ्यातर्फे भांडू नकोस. तपास चालू दे. खरं ते बाहेर येईल आणि तू परत टेबलावर जाशील.

चंपाला आशीर्वाद.

सहदेव


वेसावे
ता. २७ सप्टेंबर १९७०

प्रिय महादू,

अनेक आशीर्वाद. पोस्टकार्डावर मावणार नाही म्हणून पाकीट घेतलं आहे. तू फोडशील ना? फोड. वाटल्यास चंपाकडून वाचून घे.

इकडे आता पाऊस ओसरला आहे. बाजारात सुरमई दिसायला लागली. मी यंदा गणपतीला गावी गेलो नाही, ही पहिलीच वेळ. काकांनी मखराला रंग कुणाकडून काढून घेतला ते तू गेला होतास तेव्हा बघितलंच असशील. बरं झालं असेल. सगुणा जाऊन आली. मी इथे कामं आहेत म्हणून राहिलो असं तिने सगळ्यांना सांगितलं असेल, ती मला सांभाळून घेते. कामं नव्हती.

कामं का नव्हती ते लिहायला बसलो आहे आणि गावचं मखर लिहीत बसलो.

नारळी पौर्णिमेला सकाळी ऊन पडलं होतं. लख्ख. रामनाथच्या मित्रांनी खोपीतून होडी बाहेर काढली, खाली ओंडके घातले, 'हैया हो' करत वाळूवर आणली. पताका लावलेल्या होत्या. बायका नव्या लुगड्यांत, अंगभर सोनं. सरूबाई पुढे, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. मी धुतलेला सदरा घालून बाजूला उभा होतो. लोक नाव वाचतात तेव्हा मला त्यांची तोंडं बघायला आवडतात. 'हिंगळाई' असं नाव, पिवळ्यावर लाल, सावली काळ्याची. ते अक्षर आजही कुणी बघून घ्यावं.

तोंडं नावाकडे नव्हतीच. आधी ढोल थांबला. मग बायकांचं बोलणं थांबलं. सरूबाईने नारळ खाली वाळूवर ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, कोन मेलाय रं माजे घरान?"

मला कळेना. मी म्हटलं, "काय झालं, सरूबाई?"

"पट्टा निला कनाला? माजा पोऱ्या जित्ता उबा हाय तुजे म्होरं!"

मी हसलो. खरंच हसलो रे. म्हटलं, "निळा कुठे? पांढराशुभ्र आहे. नीट बघा."

मागून खंडू, तो जाळी विणणारा, ओरडला, "मास्तरांनी सकाळच्यालाच घेतलेली दिसते!" तू जाणतोस, मी कधी थेंब घेत नाही. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना सुनावायला सुरुवात केली की मी अमुक वर्षं रंग हाताळतो, मला पांढरा शिकवू नका. दोनशे माणसं ऐकत होती. एकानेही उलट उत्तर दिलं नाही. तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं, पण तोंड चालूच होतं.

रामनाथने काय केलं ते सांगतो. तो गरीब पोरगा. त्याने सदरा काढला, आतली नवी कोरी गंजी काढली, आणि पट्ट्याला लावून धरली.

"मास्तर, बघा ना. ह्यो पांढरा. आनि ह्यो?"

मी बघितलं. मला गंजी पिवळी दिसली. हळदीच्या अंगाला घातलेली असावी तशी. आणि पट्टा पांढरा.

मी म्हटलं, "गंजी धुवायला टाक."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सरूबाई माझ्याकडे बघत होती, तिचा राग गेला होता. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नको होतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नुसतं म्हणाली, "जाव दे रं रामनाथ. मास्तरला सावलीन बसव."

मला सावलीत बसवलं, महादू. पाणी दिलं.

बाकीच्या होड्या वाजतगाजत पाण्यात गेल्या. रामनाथची वाळूवर राहिली. दुपारी त्याने बाजारातून तुमचाच डबा आणला, बगळा छाप, आणि नीळ न टाकता, उघडला तसाच पट्ट्यावर लावला. त्याला ब्रश धरता येत नाही. मी उठलो नाही, बसल्या जागेवरून बघितलं. रंग पांढरा झाला की नाही ते मला कळलं नाही. रेघ वाकडी जाते आहे एवढं कळलं. चार दिवसांनी वाळल्यावर होडी गेली, नारळ तेव्हा दिला. त्या घराला अपशकुन व्हायचा तो झालाच, पण सरूबाईने त्यानंतर मला तो शब्द कधी ऐकवला नाही.

ऐकवत कुणीच नाही. "मास्तर, बघू दिवाळीनंतर," म्हणतात.

सगुणेला सगळं दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर कळलं. घरी येऊन तिने भाताचं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "ह्यो कसो दिसता तुमका?" मी भात कालवायला लागलो. "मिया दोन म्हयने सांगतंय, पांढरो आसा म्हणान," म्हणाली आणि मग तीच रडायला लागली. गणपतीहून परत आल्याबरोबर मला ओढून पार्ल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण आहे, पण हात स्थिर. माझ्या डोळ्यांत दिवा घालून बघितला. पहिलाच प्रश्न, "चष्मा सुटला होता का मधे?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"असं होतं. जवळचं दिसायला लागतं, माणूस खूश होतो. मोतीबिंदूची सुरुवात आहे ती. दोन्ही डोळ्यांत आहे." मग विचारलं, "काम काय करता?"

"पेंटर."

"घरांचे की चित्रांचे?"

"अक्षरांचा," म्हटलं.

त्याने दिवा खाली ठेवला. मग त्याने समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. जुन्या बाटलीच्या काचेतून बघावं तसं. निळा त्या काचेत अडकतो, आत पोचतच नाही. आणि हे इतकं हळूहळू होतं की माणसाला वाटतं जग पिवळं झालं. काढायचा कधी विचारलं, तर म्हणे अजून पिकला नाही. वर्षभर तरी थांबा, जास्तही लागेल, पिकला की काढू. आंब्यासारखं बोलतात हे लोक. काढल्यावर जाड चष्मा लागेल आणि निळा इतका निळा दिसेल की घाबराल, असंही म्हणाला.

म्हणजे मी मुठीने नीळ टाकत होतो ती माझ्या डोळ्यातल्या पिवळ्याला मारायला. डबा बिचारा पहिल्यापासून पांढरा होता. निदान तुम्ही तिघं म्हणता तर असेल. नव्या तेलाने काही फरक पडला की नाही ते मी सांगू शकत नाही. मी आता कुठल्याच पांढऱ्याबद्दल काही सांगू शकत नाही.

हे मला डॉक्टरांनी सांगितलं त्याला पाच दिवस झाले असतील, आणि तू आलास.

गावचा प्रसाद घेऊन आलास. पावसात भिजला होतास. खिशातून कंपनीचा कागद काढलास, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणला होतास. चेहरा असा की बक्षीस तुलाच मिळालं आहे. "दादा, साहेब म्हणतत, असो डोळो आख्ख्या कारखान्यात नाय. तुका टेबलावर बसवतत." मी विचारलं, कुठल्या टेबलावर, तर म्हणालास, "माझ्याच. घरातली जागा घरात रवात."

मी काय बोललो ते तू विसरला नसशील. मीही नाही. "तुझ्या साहेबाला सांग, सहदेव घाडी कुणाच्या दारात डबे हुंगत उभा राहत नाही. आणि तुझ्या उष्ट्या जागेवर तर मुळीच नाही." हे बोललो आणि कागद तुझ्या अंगावर टाकला. सगुणा चहा घेऊन आली तोवर तू चपला घालत होतास. ती माझ्यावर ओरडली, "भाव आसा तो तुमचो, कोण परको न्हय!" तू वहिनीला नमस्कार केलास, माझ्याकडे बघितलं नाहीस.

उष्टी जागा म्हटलं मी. तू नऊ वर्षं ज्या टेबलावर उभा राहिलास त्याला. माझ्या एका पत्राने ती गेली, आणि तू झाकणं ठोकून हाताला घट्टे पाडून घेतलेस आणि तरी माझ्यासाठी तो कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलास.

तुला वाटलं असेल, दादाचा ताठा. मीही तसंच वाटू दिलं. आळीत सुद्धा तसंच सांगितलं, मोठी नोकरी चालून आली होती, लाथाडली. दोन-चार जणांनी मान डोलावली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खरं असं आहे की तू गेल्यावर मी तो कागद जमिनीवरून उचलला आणि तीन दिवस जवळ ठेवला. मी हिशेब मांडत होतो की हो म्हणून बघावं. सगुणेचं म्हणणं होतं, "पांढरो तो पांढरो, तेत काय वळखूचा? मान हलवायची नि पुढे सारायचा." मीही तेच घोळवत होतो. महादू शेजारीच असेल. तो बघेल. रंग बरोबर असला तर तो खोकेल, नसला तर गप्प राहील. मी डबा पुढे सारीन. कुणाला कळणार? मी तर खोकला कसला हवा ते पण ठरवलं होतं. सर्दीचा नाही, घसा साफ करायचा.

आणि तू ते केलं असतंस. मी तुला विचारायचा अवकाश, तू हो म्हटलं असतंस. रोज. माझ्या बाजूला उभा राहून, तुझ्याच टेबलापाशी, हेल्परच्या पगारात, माझ्यासाठी खोकला असतास. तुझा चेहरा दारात बघितला तेव्हाच मला ते दिसलं होतं. ते बघायला डोळे लागत नाहीत. म्हणून तुला इतकं घालून पाडून बोललो की तू परत विचारायला येऊ नयेस. आलास तर मी नाही म्हणू शकलो नसतो.

तोंडाने हे सांगायला नाहूरला येणार होतो. एकदा निघालोही. अंधेरी स्टेशनाबाहेर त्या भिंतीपाशी उभा राहिलो आणि परत फिरलो. बगळा मला पिवळा दिसला.

घरी काही कमी नाही. सगुणा तीन घरी पापड लाटायला जाते. शिडी विकली नाही, ब्रश तेलात बुडवून ठेवले आहेत. काळा मला अजून दिसतो, लाल दिसतो. ट्रकच्या मागे नंबर घालायला कुणी बोलावलं तर जाईन. मरोळला एक गॅरेजवाला आहे, त्याला निरोप ठेवला आहे. तुला चिंता लागावी म्हणून हे लिहीत नाही.

तू साहेबांना माझं नाव सांगून शब्द टाकला होतास आणि मग त्यांच्यासमोर जाऊन नुसतं "नाही म्हणाला" एवढंच सांगितलं असशील. कारण तुलाही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. तू माझी लाज झाकायला बघशील, मी ओळखतो तुला. झाकू नकोस. मी तक्रार लिहून केली होती, तेव्हा मागेही लिहूनच घेतली पाहिजे. या पत्राच्या मागच्या पानावर साहेबांसाठी लिहिलं आहे, ते पान फाडून त्यांच्या हातात दे. अक्षर चांगलं काढलं आहे, काळ्या शाईने.

चंपाला माझा राग आला असेल. यायलाच हवा. मुलांना आशीर्वाद. दिवाळीला येशील का, हे विचारायचा मला अधिकार नाही, पण सगुणा विचारते आहे.

तुझा,
दादा


मा. व्यवस्थापक साहेब यांस स. न. वि. वि.

आपल्या बगळा छाप सफेद्याबद्दल जुलैमध्ये मी केलेली तक्रार मी मागे घेत आहे. दोष डब्यात नव्हता. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि मला पांढरा रंग ओळखता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

माझा धाकटा भाऊ महादेव बाबाजी घाडी याने ते डबे पास केले होते. त्याची नजर बरोबर होती. त्याने मला तसे कळवलेही होते, मी ऐकले नाही. माझ्या पत्रामुळे त्याला टेबलावरून काढले असल्यास त्याला त्याच्या जागी परत घ्यावे ही हात जोडून विनंती.

आपण ज्या नजरेसाठी मला बोलावलेत ती माझ्याकडे नाही. सफेदा पारखून पास करण्याची कायमची जागा, दरमहा रुपये तीनशे पंचाहत्तर, आपण मला देऊ केलीत. ती मी नाकारली आहे.

सहदेव बाबाजी घाडी